कमावती मुले आणि घराचा हिशेब
(राजूर, ता. भोकरदन, जि. जालना येथे शेतकरी कुटुंबांसमोर केलेले भाषण)



राजूरला आल्यावर आधी राजुरेश्वराचे दर्शन घ्यायचे आणि मग शेतकऱ्यांशी बोलायला बसायचे, हा आमचा शिरस्ता आहे. आजही तसेच केले. आपणास वाटले असेल की मी गुलाबी बोंडअळीवर किंवा मोसंबीच्या फळगळीवर बोलणार. हे विषय महत्त्वाचे आहेतच आणि त्यावर आपण वेळोवेळी बोलत आलो आहोत. परंतु आजचा विषय शेतातला नाही. तो घरातला आहे. तरीही शेतीचा ताळेबंद जमणे किंवा न जमणे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असते, म्हणून तो आपणापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रश्न एकच, बाजू दोन

शिवारफेरी झाली, पिकाविषयी बोलून झाले की चहाच्या वेळी एखादे वडीलधारे गृहस्थ बाजूला घेतात आणि हळू आवाजात विचारतात, "साहेब, पोरगं रोज गाडीवर जालन्याला कारखान्यात जातंय. दोन टाइम घरी जेवतंय. पण घरात एक रुपया देत नाही. आपल्याच लेकराला मागावं कसं?"

त्याच गावात पुढच्या खेपेला एखादा पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण भेटतो. तो म्हणतो, "सर, बारावी झाल्यापासून शेतात राबतो. फवारणी माझ्याकडं, रात्रीची लाइट आली की पाणी द्यायचं माझ्याकडं. पण गाडीत पेट्रोल टाकायचं म्हटलं की मायकडं हात पसरावा लागतो. बाप म्हणतो, सगळं तुझंच तर आहे!"

एका घरात मुलगा कमावतो पण देत नाही. दुसऱ्या घरात मुलगा सगळे देतो पण ते कोणी मोजत नाही. वरवर पाहता हे दोन प्रश्न वाटतात. मुळात प्रश्न एकच आहे. घरात राहणाऱ्या सज्ञान मुलामुलींचे घराशी देणे-घेणे काय, हे आपण कधी बोलून ठरवलेले नसते.

सालगड्याचे साल ठरते, मुलाचे नाही

आपल्या भागात गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. रोख किती, धान्य किती, कपडे किती, उचल किती, सुट्या किती, हे सर्व चार माणसांसमोर बोलून होते. वर्ष संपले की हिशेब होतो. परक्या माणसाशी आपण इतका चोख व्यवहार करतो. परंतु त्याच शेतात त्याच्याबरोबर राबणाऱ्या स्वतःच्या मुलाचे साल आपण कधी ठरवत नाही. तसे करणे आपल्याला कमीपणाचे वाटते. घरात हिशेब आला की माया गेली, अशी समजूत आहे.

पूर्वी ही रीत चालून जात होती, त्याला कारण होते. सर्वांची कमाई एकाच शेतातून येत होती आणि एकाच हातात जात होती. खर्चही थोडे होते. घरातला कर्ता पुरुष देईल ते सर्वांनी घ्यायचे, असा दंडक होता. आज एकाच घरात तीन प्रकारची कमाई असते. बापाची कमाई दिवाळीनंतर कापूस-सोयाबीन विकल्यावर येते. थोरल्या मुलाची महिन्याच्या महिन्याला पगाराने येते. धाकट्याची कमाई शेतातल्या घामाच्या रूपाने असते, तिला पावती नसते. या तीन प्रवाहांचा मेळ न बोलता बसेल, ही अपेक्षा आता धरता येत नाही.

सरकार मोजते, आपण मोजत नाही

शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरावी लागते, हे आपण अनेकदा ऐकले असेल. केंद्र शासनाने १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग नेमला. १९८५ पासून तो कृषी खर्च व मूल्य आयोग या नावाने ओळखला जातो. हा आयोग खर्च मांडताना बियाणे, खते, औषधे, भाडे, रोजंदारी यांबरोबर घरच्या माणसांनी केलेल्या कामाचेही मूल्य काढतो. २०१८-१९ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट ठेवण्याचे जाहीर झाले. त्यासाठी जो खर्च धरला, त्यात घरच्या मजुरीचा समावेश होता. म्हणजे दिल्लीत बसलेला आयोग आपल्या मुलाच्या घामाची किंमत काढतो आणि राजूरमधल्या घरात मात्र ती शून्य धरली जाते!

उदाहरणादाखल एक साधा हिशेब करू. धरून चला की मुलाने वर्षातून २०० दिवस शेतात काम केले आणि रोज ४०० रुपये धरला. वर्षाचे ८०,००० रुपये झाले. आपल्या गावात जो दर चालू असेल तो आपण घ्यावा, दिवस आपल्या अनुभवाने धरावेत. ही रक्कम मुलाच्या हातावर रोख ठेवा, असे मी म्हणत नाही. त्याचे खाणे, कपडे, गाडी, दवाखाना यातून ती बरीचशी फिटत असेल. परंतु ती वहीत लिहा. लिहिल्यामुळे बापाला कळते की मुलगा फुकट खात नाही. मुलालाही कळते की बाप फुकट राबवून घेत नाही.

ही अडचण काही आपल्याच मुलखातली नाही. फ्रान्स हा शेतीप्रधान आणि शेतकऱ्यांना मानणारा देश. तिथेही बापाच्या शेतात वर्षानुवर्षे बिनपगारी राबलेल्या मुलांवर वाटणीच्या वेळी अन्याय होत होता. गावात राहून जमीन सांभाळणारा आणि शहरात जाऊन नोकरी करणारा, दोघांना सारखाच वाटा मिळे. म्हणून त्या देशाने १९३९ मध्ये कायदा केला. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर जो मुलगा किंवा मुलगी घरच्या शेतात बिनपगारी राबली असेल, तिला आईबापाच्या पश्चात वाटणीआधी त्या श्रमाची मजुरी मागता येते. ही मजुरी जास्तीत जास्त दहा वर्षांची धरली जाते. तिकडे याला 'पुढे ढकललेला पगार' अशा अर्थाचे नाव आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणूनच आपल्याकडे वहीचे महत्त्व अधिक आहे.

घरखर्च मांडून पाहू

आता पगारदार मुलाकडे वळू. त्याने घरात किती द्यावे, हा प्रश्न भावनेने सुटत नाही. आधी घरखर्च कागदावर मांडावा. समजा, घरात आई, वडील, आजी, नोकरी करणारा मुलगा आणि कॉलेजात शिकणारी मुलगी अशी पाच माणसे आहेत. महिन्याचा खर्च साधारण असा धरू :

जेवणखाण, दूध, तेल, किराणा – ९,००० रुपये
गॅस, वीज, फोन – १,५०० रुपये
औषधपाणी – १,५०० रुपये
मुलीचे शिक्षण व एस.टी.चा पास – २,००० रुपये
सणवार, पाहुणे, आहेर – १,००० रुपये
एकूण – १५,००० रुपये

येथे एक चूक हमखास होते. घरची ज्वारी, घरची तूर, घरचे दूध हे आपण खर्चात धरत नाही, 'ते तर घरचंच' म्हणतो. तसे करू नये. ती ज्वारी विकली असती तर पैसे आले असते. बाजारभावाने तिची किंमत खर्चात धरावी, तरच शेताने घराला काय दिले ते दिसेल.

पाच माणसांत १५,००० रुपये म्हणजे माणशी ३,००० रुपये झाले. आता मुलाचा पगार १५,००० रुपये धरू. राजूर ते जालना जाऊन-येऊन रोजचे सुमारे ५० किलोमीटर होतात. महिन्याचे पेट्रोल २,७०० रुपयांच्या आसपास जाईल. उरले १२,३०० रुपये. त्यातून त्याने ५,००० रुपये घरात दिले, तर त्यातले ३,००० त्याच्या स्वतःच्या राहण्याजेवणाचे आणि २,००० आजीच्या औषधाला व बहिणीच्या शिक्षणाला त्याचा हातभार, असा अर्थ होतो. बाकी ७,३०० पैकी ३,००० रुपये त्याने स्वतःच्या नावे शिल्लक टाकावेत आणि ४,३०० स्वतःच्या खर्चाला ठेवावेत.

तरुण मित्रांनो, हे ५,००० जास्त वाटत असतील तर एक विचार करा. जालन्यात खोली घेऊन, खाणावळीत जेवून, कपडे धुऊन घेऊन एवढ्यात भागेल काय? आणि आजारपणात उशाशी कोण बसेल? त्याची किंमत तर मी धरलीच नाही.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. मुलाचा सगळा पगार मागू नका. ज्या मुलाच्या हातात पगारातले काहीच उरत नाही, तो एक तर खोटे बोलायला शिकतो किंवा घर सोडतो. झाडाची सर्व पाने ओरबाडली तर फळ धरत नाही, हे मोसंबीवाल्यांना मी सांगायला नको.

महिन्याच्या पगाराची खरी किंमत

शेतीचे उत्पन्न हंगामात येते आणि घरखर्च मात्र रोज होतो. या दोहोंमधल्या अंतरातच शेतकऱ्याची लूट होते. किराण्याची उधारी वाढते, सावकाराचा पाय घरात पडतो आणि सोयाबीन काढणी झाल्याबरोबर, भाव पडलेले असतानाच विकावे लागते. ५,००० रुपये दर महिन्याला नियमित आले तर किराणा रोखीने येतो आणि माल थांबवून धरण्याची ताकद येते.

ही ताकद आणखी वाढवता येते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत राबवली जाते. सोयाबीन, तूर, मूग, उडीद असा माल गोदामात ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. ज्या घरात महिन्याचा खर्च मुलाच्या पैशावर निघतो, त्या घराला ही योजना वापरणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट पीक कर्जाची. मुदतीत परतफेड केल्यास केंद्राची व राज्याची व्याज सवलत मिळून तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज शेतकऱ्याला बिनव्याजी पडावे, अशी व्यवस्था राज्यात २०२१ पासून झाली. मुदत चुकली की ही सवलत जाते. कित्येकदा पाच-दहा हजारांसाठी मुदत चुकते. अशा वेळी मुलाने दिलेले पाच हजार रुपये बँकेच्या वहीत पाच हजारांपेक्षा जास्त भरतात. मुलाने हे समजून घेतले तर 'माझे पैसे घरात विरून जातात' ही त्याची तक्रार राहणार नाही.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. बाहेरची कमाई कायमची समजून कर्ज वाढवू नये. मुंबईच्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, तेव्हा कोकणात आणि घाटावर गिरणीच्या पगारावर चालणारी हजारो घरे अडचणीत आली. जालन्यातले लोखंडाचे कारखाने असोत की बियाण्याच्या कंपन्या असोत, मंदी आली की कंत्राटी मुलगा आधी घरी येतो. म्हणून मुलाच्या पगारपत्रकावर ट्रॅक्टरचे हप्ते बांधून घेऊ नयेत.

पैसे नसतील तर तास द्यावेत

पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली आता प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडे पगार नाही. त्यांच्याकडून पैशाची अपेक्षा धरणे चूक आहे. परंतु त्यांच्याकडे वेळ आहे. सकाळी दोन तास धारा काढणे, चारा-पाणी करणे किंवा घराचा सर्व लेखी हिशेब सांभाळणे, हे काम त्यांच्याकडे नेमून द्यावे आणि बाकीच्या वेळात त्यांना टोमणे मारू नयेत. तयारी किती वर्षे करायची, हेही आधीच बोलून ठेवावे.

शेतावरच थांबलेल्या मुलासाठी एक उपाय उपयोगी पडताना दिसतो. संपूर्ण शेताचा कारभार हाती देणे जमत नसेल, तर एक जोडधंदा पूर्णपणे त्याच्या हवाली करावा. दोन म्हशी असोत, शेडनेटमधील बीजोत्पादनाचा प्लॉट असो किंवा एक एकर तुती असो. जालन्यात २०१८ मध्ये रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून आपल्या भागातील कोष लांब कर्नाटकात नेण्याची गरज कमी झाली आहे. रेशमाचे एक पीक साधारण महिनाभरात हाती येते, म्हणजे त्याला जवळजवळ पगाराचे रूप येते. खर्च त्याने लिहावा, विक्री त्याने करावी, ठरलेला हिस्सा घरात द्यावा आणि बाकी स्वतःकडे ठेवावा. दोन वर्षांत तो हात पसरणारा राहत नाही, घराला देणारा होतो.

मुलीची कमाई कोठे जाते?

मुलाने पैसे द्यावेत की नाही, यावर आपण चर्चा करतो. मुलीने द्यावेत की नाही, यावर चर्चाच होत नाही, कारण तिचे पैसे न विचारता घरात जातात. आपल्या पट्ट्यात कपाशीच्या, मिरचीच्या आणि भाजीपाल्याच्या बीजोत्पादनात फुलांचे परागीकरण करणाऱ्या हातांमध्ये मुली आणि बाया किती असतात, ते आपण रोज पाहता. कापूस वेचणीतही तेच. मुलीची हजेरी आठवड्याच्या बाजारात तेल-मिठात जाते आणि भावाच्या गाडीचा हप्ता त्याच घरातून भरला जातो. घरासाठी देणे वाईट नाही. परंतु तिचे देणे लिहिले जावे आणि तिच्याही कमाईचा काही भाग तिच्याच नावावर पोस्टात किंवा बँकेत पडावा. 'तिच्या लग्नात खर्च होणारच आहे' असे म्हणून तो वळता करू नये. हुंडा देणे आणि घेणे १९६१ पासून गुन्हा आहे.

मुलीचा हक्क हा काही आता उपकाराचा विषय राहिलेला नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायदा करून, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सा दिला. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो देशभरातील मुलींना, लग्न झालेल्यांनासुद्धा मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही.

कमाई कोणाची? कायदा काय सांगतो

'घराने शिकवले, म्हणून पगार घराचा' असे काही वडील म्हणतात. एके काळी कायदाही तसेच म्हणत होता. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे एक खटला आला. एकत्र कुटुंबाच्या पैशावर शिकून एक मुलगा आय.सी.एस. अधिकारी झाला होता. त्याची कमाई ही सर्व कुटुंबाची मिळकत ठरली. या निकालाने सुशिक्षित वर्गात मोठी खळबळ माजली. पुढे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने १९३० मध्ये कायदा झाला आणि घराच्या पैशाने शिक्षण झाले असले तरी त्या विद्येच्या जोरावर मिळवलेली कमाई ज्याची त्याची, असे ठरले.

म्हणजे पगार मुलाचा आहे, हे कायद्याने ठरून गेले आहे. परंतु त्याच कायद्याने दुसरीही बाजू सांभाळली आहे. १९५६ च्या कायद्याप्रमाणे वृद्ध किंवा दुर्बल आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी मुलावर आणि मुलीवर आहे. २००७ च्या कायद्याने ज्येष्ठ नागरिकांना त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या स्तरावरील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. अर्थात, ज्या घराला असा अर्ज करावा लागला, त्या घरात बोलणे फार आधी थांबलेले असते.

माझ्या घरची गोष्ट

मी हे सर्व कोरड्या ज्ञानातून सांगत नाही. आम्ही दोघे भाऊ. थोरला भाऊ दहावीनंतर शेतावर थांबला आणि मी शिकलो. कापूस विकून माझी फी भरली जात होती, आणि तो कापूस त्याने पिकवलेला होता. मला नोकरी लागली. मी घरी पैसे पाठवत गेलो. त्या पैशातून विहीर झाली, पाइपलाइन झाली. मला वाटे, घर मी उभे केले.

वडील गेल्यावर वाटणीची वेळ आली. मी विहिरीकडची बाजू मागितली. माझ्याजवळ पैसे पाठवल्याच्या पावत्या होत्या, विहिरीच्या खर्चाचा कागद होता. भावाकडे दाखवायला काही नव्हते. वीस वर्षांचे त्याचे काम कोणी लिहून ठेवले नव्हते. तो वाद घालणारा माणूस नाही. तो उठून गोठ्यात गेला. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पोळ्याला मी गावी गेलो तरी बैल पुजायला तो मला हाक मारत नसे.

शेवटी आई मला म्हणाली, "तू पाठवलेल्या पैशाचे कागद आहेत तुझ्याकडं. त्यानं तुला शिकवलं, त्याचा कागद कुठंय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. विहिरीकडची बाजू भावाच्या नावे झाली. आता आमचे बोलणे आहे, येणे-जाणे आहे. परंतु ती दोन वर्षे परत आली नाहीत आणि आमचे बोलणे पूर्ववत होण्याआधीच आई गेली. जी वही आमच्या घरात नव्हती, ती आपल्या घरात असावी, एवढ्यासाठीच मी आज इथे उभा आहे.

हिशेब कसा बसवावा?

अनुभवावरून काही सूचना करतो. त्यांत आपल्या घराप्रमाणे फेरफार करावा.

१) वर्षाचा ठराव पाडव्याला करावा. सालगड्याचे साल ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचे देणे-घेणे ठरवावे. आई, सून आणि मुलगी यांनाही बैठकीत बसवावे. घरखर्चाचा खरा आकडा बहुधा त्यांनाच माहीत असतो.

२) महिन्याचा हिशेब संकष्टीला करावा. चतुर्थीला राजूरची वाट माणसांनी फुलून जाते, त्यामुळे तो दिवस कोणी विसरत नाही. चंद्रोदयाची वाट पाहत सगळे घरात बसलेले असतात. तेवढ्या वेळात वही लिहून होते.

३) वहीला चार रकाने असावेत : तारीख, कोणी दिले, काय दिले (रोख, धान्य किंवा कामाचे दिवस) आणि कशासाठी दिले. रोख पैसे आणि राबलेले दिवस एकाच वहीत लिहावेत. म्हणजे नोकरी करणारा वरचढ आणि शेतात राबणारा खालचा, असे होणार नाही.

४) घरखर्चाला दिलेले पैसे आणि विहीर, पाइपलाइन, ठिबक, घरबांधणी यासाठी दिलेले पैसे वेगळे लिहावेत. घरखर्चाला दिले ते खाऊन संपले, त्यावर पुढे हक्क सांगू नये. कायम टिकणाऱ्या कामाला दिले असतील तर ते मदत म्हणून दिले की परतीच्या बोलीवर दिले, हे त्याच दिवशी स्पष्ट लिहावे आणि सर्वांनी सह्या कराव्यात. मोठी रक्कम असल्यास जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

५) ठरलेली रक्कम न मागता द्यावी. मागायला लावू नये. बापाने मुलापुढे हात पसरण्याची वेळ आली की देण्यातली गोडी जाते. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे आईच्या हाती किंवा तिच्या खात्यावर जावेत.

६) दुष्काळी वर्षासाठी वेगळे ठरवावे. २०१२-१३ चा दुष्काळ आपण विसरलेलो नाही. टँकरच्या पाण्यावर मोसंबीच्या बागा जगवता जगवता घरे खचली, अनेक बागा वाळल्या. अशा वर्षी पगारदार मुलाने वाटा वाढवावा आणि पीक चांगले आले की पुन्हा कमी करावा, हे आधीच बोलून ठेवावे.

७) पाहुण्यांसमोर, सोयऱ्यांसमोर किंवा चावडीवर हा विषय काढू नये. 'अमक्याचा पोरगा एवढे देतो' अशी तुलना तर मुळीच करू नये. त्या घरचा खर्च आणि कर्ज आपल्याला दिसत नसते.

८) लग्नानंतर ठराव नव्याने करावा. आधीचा आकडा सुनेवर लादू नये. तिची कमाई असेल तर ती तिची, ती काय देईल हे तिला विचारून ठरवावे.

समारोप

बंधूंनो, जमिनीचा पोत टिकवायचा असेल तर जे पीक जमिनीतून घेते, त्यातले काही जमिनीला परत द्यावे लागते. पालापाचोळा असेल, शेणखत असेल, बेवड म्हणून घेतलेली तूर-हरभरा असेल. घेतच राहिलो तर जमीन काही वर्षे साथ देते आणि मग एकाएकी उत्पन्न घटते. घराचेही तसेच आहे. आईबाप काही वर्षे न बोलता ओढत राहतात. शेतावरचा भाऊ काही वर्षे न बोलता राबत राहतो. आणि एक दिवस वाटणीच्या बैठकीत सगळे एकदम बाहेर पडते.

तरुणांना माझे सांगणे एवढेच आहे की घरात राहत असाल तर आपला वाटा स्वतःहून पुढे करा. तो लहान असला तरी चालेल, पण नियमित असू द्या. वडीलधाऱ्यांना सांगणे असे की दिलेला प्रत्येक रुपया आणि राबलेला प्रत्येक दिवस मान्य करा, तो लिहा. 'सगळं तुझंच आहे' हे वाक्य ऐकायला गोड आहे, परंतु त्यावर मुलगा पेट्रोलही भरू शकत नाही.

आज घरी गेल्यावर शंभर पानी वही काढा. पहिल्या पानावर घरातल्या सर्व सज्ञान माणसांची नावे लिहा. मुलींचीही लिहा आणि आईचेही लिहा. पुढचा हिशेब येत्या संकष्टीला बसून करा. पहिल्या महिन्यात अवघडल्यासारखे वाटेल, दोघा-तिघांचे आवाजही चढतील. चढू द्या. वहीवर चढलेला आवाज खाली येतो. न बोललेला मात्र मनात राहतो, हे मी अनुभवाने सांगतो.